गाठी आणि गठाणी

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. अवघी चार कलमं. मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं आणि सरकारला घाई होती. तरीही त्या चार कलमांत रेल्वेची आठवण ठेवलेली आहे. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी आणि संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या जागेत वेगळं ठेवावं, असा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. तपासायची ती माणसं. त्याच रुळांवरून जाणाऱ्या मालाचा उल्लेख त्या कायद्यात नाही.

हा कायदा मुंबईसाठी केलेला, असं आपण शाळेत शिकलो. त्याचा खरा अर्थ मात्र भुसावळसारख्या गावात उभं राहिल्यावर कळतो. मुंबईहून निघालेली गाडी साडेचारशे किलोमीटरवर भुसावळला येते आणि तिथून वाट फुटते. एक फाटा अकोला, नागपूर करत हावड्याकडे जातो आणि दुसरा खंडवा, इटारसी, जबलपूर करत अलाहाबादेकडे. मुंबईच्या गोदीत उतरलेला रोग रेल्वेने पूर्वेकडे जायचा, तर त्याला या जंक्शनावरून जावं लागणार होतं. गेली सव्वाशे वर्षं साथींनी खानदेशात काय काय केलं, ते बघताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहते. सरकारने रोग शोधला तो प्रवाशाच्या अंगावर, आणि मालगाडीला बहुतेक वेळा हिरवा कंदील दाखवला.

रेल्वे येण्यापूर्वी साथी पायी चालत होत्या. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालात जेसोरला पटकी भडकली. फौजा, व्यापाऱ्यांचे तांडे आणि यात्रेकरू यांच्याबरोबर ती नागपूर, जालना, औरंगाबाद, अहमदनगर, पुणे अशी मुक्काम करत मुंबईला पोचली, तेव्हा १८१८ चा ऑगस्ट उजाडला होता. तेच पेशवाई बुडाल्याचं आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेल्याचं वर्ष. लोकांना राज्यबदल आणि महामारी एकाच पावसाळ्यात बघायला मिळाली. दोन्हींचा संबंध त्यांनी जोडला नसता, तरच नवल.

पायी येणाऱ्या रोगाला शीव असते. गावाचं सगळं शहाणपण त्या शिवेवर उभं होतं. आजार गावात शिरला की मरीआईचा कोप झाला म्हणायचं, तिचा गाडा वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीवर सोडायचा. शेजारचं गाव पुढच्या गावाच्या हद्दीवर सोडणार. हे ऐकताना आज हसू येतं, पण त्यात निरीक्षण होतं. रोग एका गावाहून दुसऱ्या गावी जातो आणि वाटेनं जातो, हे लोकांनी ओळखलेलं होतं. खानदेशात मरीमातेची ठाणी अजून गावोगाव आहेत. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तिच्या नावाने बारागाड्या ओढल्या जातात. पुढे भगत, दोन्ही बाजूंना त्याला धरणारे बगले आणि मागे एकमेकांना जुंपलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या. मिरवणुकीतल्या पोरांना मरीमाता ही पटकीची आणि देवीची देवी होती, हे माहीत असेलच असं नाही. जत्रा शिल्लक आहे, आजार गेला. असं होणं चांगलंच.

रेल्वेने ती शीवच पुसली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ घाट ओलांडून खानदेशात शिरले. १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत गेली, १८७० मध्ये जबलपूरच्या बाजूचा सांधा जुळला आणि मुंबई–कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. तापीकाठचं भुसावळ रेल्वेचं गाव झालं. लोको शेड आली, कारखाना आला, साहेबांचे बंगले आणि कामगारांच्या चाळी आल्या. त्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला अचानक सोन्याचा भाव आला. जळगाव ही कापसाची पेठ झाली. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये गठाणी बांधल्या जायच्या आणि वॅगनमध्ये चढायच्या. उलट्या बाजूने धान्य, किराणा, कापड आणि रिकामं बारदान यायचं. हे बारदान लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची कोठारं आणि त्यांच्या डोक्यावर दाटीवाटीने राहणारी माणसं. आधी उंदीर मेले, मग माणसं मरू लागली. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरातून १८९७ चा उन्हाळा लागेपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली. गिरण्यांत माणूस मिळेना. मालकांनी रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला सुरुवात केली, एकमेकांचे कामगार पळवले. मजुराला भाव आहे हे कामगारांना त्या काही महिन्यांत जेवढं कळलं, तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत कळलं नसेल. साथीच्या इतिहासात ही बाजू कमी सांगितली जाते. मृत्यूचे आकडे मोठे असले की पगाराचा हिशेब क्षुद्र वाटतो, म्हणून असेल.

पळालेली माणसं रेल्वेने पळाली आणि सरकार त्यांच्या मागोमाग स्टेशनांवर आलं. कल्याणपासून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत ठिकठिकाणी तपासणीची ठाणी बसली. ही तपासणी कशी चाले, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गाडी थांबली की थर्डक्लासचे डबे रिकामे करायचे. उतारूंना फलाटावर ओळीने उभं करायचं. डॉक्टर डोळे बघणार, नाडी बघणार, जीभ बघणार, काखेत आणि जांघेत हात घालून गाठ आहे का ते चाचपणार. बायकांसाठी पडदा असला तर असला, बाई डॉक्टर असली तर नशीब. अंगात ताप निघाला की उतरवून छावणीत रवानगी, मग तो ताप प्लेगचा असो वा हिवतापाचा. बोचक्यातले कपडे वाफेला किंवा औषधाच्या पाण्यात. फर्स्टक्लासच्या साहेबाला डबा सोडायची तोशीस सहसा पडत नसे. पैसे चारून सुटणारे होते. एक स्टेशन आधीच उतरून, शेतातून वळसा घालून, पुढच्या स्टेशनावर गाडी धरणारेही होते.

एवढं करून हाती काय लागलं? फार थोडं. प्लेगचे जंतू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत दोन ते सहा दिवस जातात. मुंबईहून रात्री बसलेला माणूस सकाळी खानदेशात पोचे. त्याला अजून ताप नसे, गाठ नसे आणि डॉक्टर त्याला पास करत. म्हणजे जो खरोखर रोग घेऊन चालला होता तोच सुटत होता, आणि ज्याला साधा हिवताप आहे तो अडकत होता.

आणि खरा गुन्हेगार तर फलाटावर कुणी तपासलाच नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच सुमारास नेमलेल्या हिंदुस्थान सरकारच्या प्लेग कमिशननेही उंदीर आणि पिसू यांना फारसं महत्त्व दिलं नाही. माणसाकडून माणसाला, घाणीतून, दाटीतून, हाच सरकारी समज पक्का राहिला. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्याने प्रयोग झाले. प्लेगग्रस्त खोलीत जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग मेले. तोच पिंजरा दोनेक फूट उंच टांगला, तर ते जगले, कारण पिसवेला तेवढी उंच उडी मारता येत नाही. इतका साधा पुरावा. तो मान्य व्हायला लाखो माणसं जावी लागली.

आता बारदानाकडे परत येऊ. उंदीर मेला की पिसू त्याचं अंग सोडते. पोत्याच्या विणीत, धान्याच्या भुशात, कापसाच्या पिंजणात ती लपते आणि काही आठवडे उपाशी तग धरू शकते. कोठारातलं पोतं वॅगनमध्ये, वॅगनमधलं पोतं दुसऱ्या गावच्या अडत्याच्या दुकानात आणि तिथे ताजे उंदीर. काखेत गाठ शोधणारे डॉक्टर फलाटावर ओळ तपासत असताना, शेजारच्या रुळावरून मालगाडी पोत्यांसकट पुढे जात होती. ती अडवली असती तर अडत्यांनी, निर्यातदारांनी आणि विलायतेच्या गिरण्यांनी आकांत केला असता. माणसाला छावणीत दहा दिवस ठेवल्याने कुणाचं व्याज बुडत नव्हतं.

पुण्यात या जुलमाचं काय झालं ते सर्वांना पाठ आहे. गोऱ्या सोजिरांनी घरं धुंडाळली, २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली आणि टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या दवाखान्यात आल्या होत्या. रँडच्या नावाला इतिहासात जी जागा मिळाली त्याच्या निम्मीसुद्धा या घटनेला बरीच वर्षं मिळाली नव्हती, हे सांगितलंच पाहिजे.

खुनानंतर सरकार नरमलं. सक्ती सैल झाली आणि गावांनी स्वतःचा उपाय काढला. खरं तर तो उपाय विज्ञानाच्या आधीच बरोबर होता. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. शिवारात, मळ्यात, आंबराईत कडब्याच्या झोपड्या घालायच्या आणि तिथे चूल मांडायची. कागदपत्र, दागिने आणि बी-बियाणं एवढंच बरोबर न्यायचं. धान्याची कोठी मागे राहायची आणि उंदीरही तिच्याबरोबर मागे राहायचे. पिसवांना चावायला माणूस मिळायचा नाही. दख्खनमध्ये प्लेग पावसाळा सरताना उठे, थंडीभर धुमाकूळ घाली आणि उन्हाळा तापला की विझे. कोरड्या उष्ण हवेत पिसू टिकत नाही. खानदेशचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या पुढे. भुसावळच्या उन्हाबद्दल आपण सगळेच कुरकुरतो. त्या वर्षांत त्या उन्हाने किती माणसं वाचवली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

झोपड्यांतले ते महिने सर्वांना सारखे गेले नाहीत. मळा असलेला मळ्यात गेला. ज्याला बांधाएवढीही जमीन नाही, तो दुसऱ्याच्या शेतात मुभा मिळाली तर गेला, नाहीतर गावातच राहिला. रिकाम्या गावात राखणीला, प्रेतं उचलायला आणि मेलेले उंदीर गोळा करायला कुणाला पाठवलं गेलं असेल, हे वेगळं सांगायला नको. जातीने जी कामं वाटून दिली होती, ती साथीत बदलली नाहीत, फक्त जास्त धोक्याची झाली.

खानदेशच्या बोलीत प्लेगचा ‘पिलोग’ झाला आणि घराघरांत शिरला. असोद्याच्या महाजनांकडे १८८० साली जन्मलेल्या आणि लग्नानंतर जळगावच्या चौधरींकडे नांदायला आलेल्या बहिणाबाईंच्या घरातही तो आला. त्यांचा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचा अपंग झाला. १९१० मध्ये नवरा गेला, तेव्हा बहिणाबाईंचं वय तीस. शेत, घर, लहान मुलं आणि एक मूल कायमचं अधू. प्लेगने किती मेले ते सरकारने मोजलं. जे जगले पण पूर्वीसारखे राहिले नाहीत, त्यांची मोजदाद कुठल्याही रजिस्टरात नाही. बहिणाबाईंच्या गाण्यांत सुखदुःखाचा जो हिशेब आहे त्याच्यामागे हे घर आहे. धाकटे सोपानदेव कवी झाले आणि त्यांच्यामुळे ती गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली. बहिणाबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

प्लेगच्याच फेऱ्यांत १८९९–१९०० चा दुष्काळ आला, संवत १९५६ चा म्हणून लोक त्याला छपन्न्याचा दुष्काळ म्हणत. खानदेशची गावं खडी फोडायच्या कामांवर गेली. एका जागी हजारो माणसं आणि पाणी डबक्याचं. १९०० च्या उन्हाळ्यात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर पटकी फिरली. पाऊस आला तर त्याच्यामागे हिवताप. खानदेशच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात हिवताप पाचवीलाच पूजलेला. भुकेने किती गेले आणि रोगाने किती, हा भेद कागदावर करता येतो. मरणाऱ्याला करता येत नाही. १९०१ ची खानेसुमारी झाली तेव्हा खानदेशची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच भरली. त्याआधी ती दर दहा वर्षांनी दीड-दोन लाखांनी वाढत आली होती.

मग १९१८. प्लेगबद्दल आपल्याकडे निदान चापेकरांमुळे बोललं जातं. मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीबद्दल, जवळजवळ कुणीच बोलत नाही, आणि वेगाच्या बाबतीत ती प्लेगपेक्षा कितीतरी पट भयंकर होती. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत युद्धावरून आलेल्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये तो परतला तेव्हा तरण्याताठ्या माणसांना घेऊन गेला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून लाट रुळांच्या दिशेने पूर्वेला सरकत गेली. दख्खनचे कोरडे जिल्हे, मग वऱ्हाड आणि मध्य प्रांत, आणि बंगालात पोचायला नोव्हेंबर. नकाशावर ही लाट आणि रेल्वेचा फाटा एकमेकांवर ठेवून बघावेत. भुसावळ त्या वाटेवरच येतं. सरकारच्या आरोग्य खात्यानेही आपल्या अहवालात रेल्वेला दोष दिला.

पण या वेळी फलाटावर कुणाला अडवणार होते? सर्दी-तापाला काखेत गाठ नसते. डॉक्टर युद्धावर गेलेले. सैनिक, धान्य आणि कोळसा हलवायला रेल्वे सरकारला हवीच होती. गार्ड, फायरमन, सिग्नलवाले, पोस्टमन हीच माणसं सर्वांत आधी आजारी पडली आणि त्यांच्याबरोबर आजार पुढच्या स्टेशनावर गेला. त्या साली पाऊस फसलेला. धान्य महाग, चारा नाही, गुरं विकलेली. मुंबई इलाख्यात समुद्रकिनाऱ्यापेक्षा आतले कोरडे जिल्हे जास्त पोळले आणि संबंध देशात सर्वाधिक मार बसला तो मध्य प्रांत-वऱ्हाडला, म्हणजे भुसावळच्या पुढच्या स्टेशनांना. वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त गेली आणि त्यांतही बायका जास्त. घरात सगळे आजारी असताना पाणी भरणारी, पेज करून देणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच होती. स्वतः आजारी पडल्यावर तिच्या उशाशी बसायला कुणी उरलेलं नव्हतं.

देशभरात सव्वा कोटींच्या घरात माणसं गेली, हा १९२१ च्या खानेसुमारीचा अंदाज. नंतरच्या काहींनी तो पावणेदोन कोटींच्याही पुढे नेला. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या घटली. खानेसुमारीच्या इतिहासात असं दुसरं दशक नाही. काही महिन्यांत एवढी माणसं गेली आणि त्यांचं ना स्मारक झालं, ना पोवाडा झाला. मला वाटतं, याचं कारण हेच की त्यात खलनायक नव्हता. रँड असता तर मानमोडी शाळेच्या पुस्तकात आली असती.

यानंतरची पन्नास-साठ वर्षं साथींच्या उताराची आहेत. हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस परळहून देशभर गेली. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पटकीची लस टोचली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर डीडीटीचे पंप घेऊन हिवतापवाले घरोघरी आले आणि भिंतीवर तारखा लिहून गेले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. मरीमातेला पूर्वीसारखं काम उरलं नाही.

आणि मग सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत. फुफ्फुसाचा प्लेग निघाल्याची बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. त्यात खानदेशी माणूस किती होता, हे सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत फिरलेल्याला सांगावं लागत नाही. यंत्रमागावर आणि कापड बाजारात कामाला गेलेली जळगाव, धुळ्याकडची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. ती सगळी सुरत–भुसावळ मार्गाच्या गाड्यांना लोंबकळत घरी निघाली. १८९७ मध्ये मुंबईची माणसं जे करत होती, तेच त्यांनी केलं. गावोगाव टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. तोंडाला रुमाल बांधलेला पाहुणा आला की आळीतले लोक दार लोटून घेत. स्टेशनांवर डॉक्टर बसले, नावं टिपली, गोळ्या दिल्या. कुणाला ओळीने उभं करून चाचपलं नाही, आणि तरी खानदेशात साथ उभी राहिली नाही. मधल्या शंभर वर्षांत औषध सापडलं होतं हे एक. दुसरं म्हणजे सरकारला आपल्याच माणसांशी जरा बऱ्या रीतीने वागावं लागत होतं.

२००६ च्या फेब्रुवारीत याच मार्गावर नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथल्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत लोण आलं आणि घरामागच्या चार-सहा कोंबड्याही गेल्या. माल अडवलेला आठवतो तो एवढाच, आणि तो गरिबाचा माल होता.

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी तो चार कलमांचा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. १३ मार्चला महाराष्ट्राने तो लागू केला. २२ मार्चच्या मध्यरात्री देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. प्लेगमध्ये हे घडलं नव्हतं, मानमोडीत घडलं नव्हतं, युद्धांत घडलं नव्हतं. भुसावळच्या फलाटांवर माणूस दिसेना. मुक्ताईची पालखी त्या वर्षी आषाढीला एसटीने पंढरपूरला गेली. जळगाव जिल्ह्यात मृत्यूंचं प्रमाण राज्यात सर्वाधिक असल्याच्या बातम्या येत होत्या. जूनमध्ये जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या एका वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिकारी निलंबित झाले. प्लेगच्या वेळी माणसं रोगापेक्षा इस्पितळाला का भीत होती आणि आजाऱ्याला का लपवत होती, हे समजायला त्यानंतर जुने अहवाल वाचायची गरज राहिली नाही.

मालगाड्या मात्र चालू होत्या. त्या चालायलाच हव्या होत्या, त्याशिवाय धान्य आणि इंधन पोचलं नसतं. १ मेपासून अडकलेल्या मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळहून अशी गाडी मिळेल म्हणून निघाले. रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून ते रुळांवरून चालले. भुसावळ अजून शंभरावर किलोमीटर होतं. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडपाशी थकून ते रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. मनमाडजवळच्या पानेवाडीकडे निघालेली रिकामी मालगाडी आली आणि १६ जण ठार झाले.

ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. तिला जळगावलाही थांबा होता आणि भुसावळलाही. भाजीपाला आणि फळं थेट बिहारच्या बाजारात जाऊ लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली. माणसांच्या गाड्या हळूहळू परत आल्या. गावोगाव थांबणाऱ्या पॅसेंजर सर्वांत शेवटी आल्या, त्याही ‘स्पेशल’ म्हणून, एक्स्प्रेसच्या भाड्याने. किमान तिकीट १० रुपयांचं ३० झालं. गर्दी नको म्हणून हे केल्याचं सांगितलं गेलं. साथ ओसरली, मास्क निघाले, शाळा भरल्या, तरी भुसावळहून जळगावला रोज कामाला जाणारा माणूस ३० रुपयेच मोजत होता. १० रुपयांचं तिकीट परत आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.